दाराचा निळा

धाकटी दारावरून सरळ पुढे निघून गेली. चांगली पुलापर्यंत गेली, कठड्याला हात टेकून दम खाल्ला, आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला की आपण चुकलो. आता हसावं की रडावं! ही गल्ली तिला तोंडपाठ होती. शिकायला आली होती तेव्हा दोन वर्षं रोज सकाळी ती इथूनच गेली, आणि पुढे सगळं आयुष्य, समुद्रापलीकडे आपल्या घरी, झोप येत नसली की मनातल्या मनात इथूनच चालत असे. कोपऱ्यावर बूट दुरुस्त करणारा, मग जरासा चढ, मग जिच्यात सदोदित एक जाडं मांजर बसलेलं असायचं ती खिडकी, आणि मग निळं दार. बहुतेक वेळा दारापर्यंत पोचायच्या आतच डोळा लागायचा. आणि आज विमानात पाय अवघडून, हॉटेलात बॅग टाकून, तोंडावर पाणी मारून ती खरोखरची त्या गल्लीत आली, तर बूटवाला होता (तो नव्हे, त्याचा मुलगा असावा, नाक तेच), चढ होता, मांजरसुद्धा होतं, म्हणजे तेच नव्हे, पण कुठलं तरी होतं, आणि दार मात्र नव्हतं. पाडलं की काय, असं तिच्या मनात आलं. मग ती परत फिरली.

दार सापडलं ते मुठीवरून. पितळेची, माशाच्या आकाराची मूठ, शेपटीकडे हात लागून लागून झिजलेली. मूठ तीच, उंबरा तोच, पण रंग! भांडी विसळलेल्या पाण्यात बुडवून काढावं तसं दार. ना राखाडी, ना हिरवट. धाकटीचा संताप झाला. या दाराची एक रीत होती. दरवर्षी उन्हा-पावसाने दार विटायचं, आणि दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांनी ते रंगवायचं. पण तयार डब्यातला निळा आणायचा नाही. कच्चे रंग घेऊन स्वतः मिसळायचा, आणि दाराच्या आतल्या कडेला, बिजागरीजवळ, सावलीत राखून ठेवलेल्या जुन्या पट्टीशी असा जुळवायचा की जोड कुठे आहे ते बोटाने चाचपूनही सांगता येऊ नये. ज्याला दार जुळवता येत नाही त्याने माणसाच्या डोळ्याला हात लावू नये, असा तिथला कायदा होता. कारण या दारामागे डोळे बनत. ज्यांचा एक डोळा अपघातात, आजारात किंवा ऑपरेशनच्या टेबलावर गेला, त्यांना उरलेल्या डोळ्याच्या जोडीचा कृत्रिम डोळा इथे मिळे, आणि तो बनवण्याची कलाही इथेच शिकता येई. धाकटी ती शिकली होती. त्याच्यावरच आजवर जगली होती. यंदाच्या पोरांनी पार वाट लावली, असं पुटपुटत तिने माशाची शेपटी धरून दार ढकललं.

धाकटी म्हटलं म्हणून कोणी पोर डोळ्यांसमोर आणू नये. केसांना रंग लावायचं तिने केव्हाच सोडलं होतं आणि डावा गुडघा जिना दिसला की कुरकुर करायचा. पण त्या वर्षीच्या विद्यार्थ्यांत ती वयाने सगळ्यांत लहान होती, म्हणून बाईंनी पहिल्याच दिवशी तिला धाकटी करून टाकलं, आणि बाईंनी एकदा केलं की ते झालं. हे नाव ऐकून त्या दिवशी ती खोलीवर जाऊन रडली होती. आनंदाने, बरं का! कारण घरी ती ताई होती. नुसती भावंडांची नव्हे, सगळ्यांची. आई लवकर अंथरुणाला खिळली, वडील कायम फिरतीवर, तेव्हा धाकटा भाऊ, बाळ्या, तिच्याच कडेवर वाढला. त्याच्या पाठीतलं गळू डॉक्टर फोडत होते तेव्हा त्याचा हात तिनेच धरला होता. ती स्वतः तेव्हा एवढीशी, स्वतःच घाबरलेली, पण तिने त्याला विचारत ठेवलं, बाळ्या, पडदा कुठल्या रंगाचा? बादली कुठल्या रंगाची? डॉक्टरांच्या पेनाचं टोपण? आणि तो हुंदके देत देत रंग सांगत राहिला, आणि गळू फुटलं कधी ते त्याला कळलंही नाही. तेव्हापासून ती घाबरणाऱ्यांची ताई झाली. पुढे शेजारीपाजारी, सासरचे, दवाखान्यातले, ज्याला म्हणून भीती वाटली तो तिच्याकडे आला, आणि ती ‘काही होत नाही’ म्हणाली. सबंध जगात हे एकच गाव असं होतं जिथे तिला कोणी धाकटी म्हणे, जिथे चुकलं तर कान पकडायला कोणी होतं. या गावावर तिचा जीव का, असं नवरा जिवंत असताना थट्टेने विचारायचा. काय सांगणार?

आत तोच वास होता, मेणाचा आणि पॉलिशच्या भुकटीचा. उत्तरेकडच्या मोठ्या खिडकीखाली कामाचं तेच लांब बाक, आणि बाकाशी बाई. बाई इतक्या लहान झाल्या होत्या की त्यांनी मिठी मारली तेव्हा त्यांचं डोकं धाकटीच्या हनुवटीखाली आलं. ‘बाई’ हा शब्द धाकटीनेच त्यांना शिकवला होता. आमच्याकडे शिकवणारीला असं म्हणतात, म्हणून सांगितलं तर त्यांना तो असा आवडला की त्यांनी सगळ्या वर्गाला तो म्हणायला लावला, आणि परदेशातल्या त्या खोलीत नाना देशांची पोरं नाना उच्चारांनी ‘बाई, बाई’ करत फिरायची. बाई यंदा काम सोडणार होत्या. ‘एकदा येऊन जा, बाक रिकामं व्हायच्या आत,’ असा त्यांचा निरोप आला, आणि धाकटी उठून निघाली. निदान निघायचं कारण म्हणून घरी तिने हेच सांगितलं होतं.

“जाडी झालीस,” बाई म्हणाल्या.

“तुम्ही वाळलात.”

“मग हिशेब बरोबर झाला. बस.”

पण ती बसली नाही. ताईपण अंगात मुरलेलं, जाईल कुठे? कोट काढायच्या आधीच तिने तक्रार मांडली. “बाई, दार कोणी बिघडवलं हो? तुम्ही पाहिलंत तरी का? निळा औषधालाही शिल्लक नाही त्यात. मी तर ओळखलंच नाही, पुलापर्यंत गेले!”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं धाकटीला बरोबर ओळखू आलं, कारण ती स्वतः रोज तसं पाहत असे. समोरचा बोलत असतो, हसत असतो, आणि आपण मात्र त्याच्या बोलण्याकडे नव्हे, थेट बुबुळाकडे पाहत असतो. बाईंनी तिची हनुवटी धरली आणि तिचं तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं. त्यांची बोटं गार होती.

“इकडे ये,” त्या म्हणाल्या आणि तिला हाताला धरून दाराशी घेऊन गेल्या. दार उघडलं. आतल्या कडेला, बिजागरीजवळ, ती जुनी पट्टी होती. “हे बघ. पट्टी आणि दार. जुळलंय का?”

धाकटी वाकली. पट्टीवर बोट फिरवलं. पट्टीही तशीच, विसळलेल्या पाण्याची. जोड कुठेच दिसत नव्हता. “जुळलंय की,” ती म्हणाली. “अगदी हुबेहूब जुळलंय. पण म्हणजे... पट्टीच...”

“पट्टी तुझी आहे,” बाई म्हणाल्या. “तुझ्या वर्षीची. तू निळ्यात चिमूटभर तपकिरी घातली होतीस, आठवतं? मी केवढी ओरडले होते. पण पुढे पाहिलं तर ढगाळ दिवशी म्हण, दिवेलागणीला म्हण, तुझा निळा जागचा हलायचा नाही. म्हणून मग जुनी पट्टी खरवडून काढली आणि तुझीच ठेवली. तेव्हापासून सगळे तुझ्याशी जुळवतात, धाकटे.”

धाकटीला खाली बसावंसं वाटलं, आणि ती उंबऱ्यावरच बसली. स्वतःचं मूल रस्त्यात समोरून यावं आणि आपण बाजूने निघून जावं, तसं झालं होतं. आणि गंमत म्हणजे तिला आधीपासून ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं कोणत्या तोंडाने म्हणणार? घरच्या डॉक्टरांनी, ज्यांच्या दवाखान्यात तिचं बाक होतं आणि ज्यांच्यासोबत ती रोज डबा खायची, त्यांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून सांगितलं होतं, “ताई, मोतीबिंदू. दोन्हीकडे. चांगला पिवळा पडलाय. चहा निवायच्या आत काढून देतो, कधी करायचं बोला.” ती हसून ‘बघू’ म्हणाली, आणि घरी जाऊन तिकीट काढलं. तिच्या गावी सगळ्यांची बुबुळं तपकिरी. निळं कमी दिसलं म्हणून तिथे अडणार काय? काम चालून जात होतं. पण मग ती छोटी मुलगी आली. एवढीशी, दोन वेण्यांची, मांडीवर बसून डोळा बसवून घेणारी, आणि धाकटीने तिला नेहमीसारखं विचारलं, पडदा कुठल्या रंगाचा? खुर्ची कुठल्या रंगाची? पोर छान रंग सांगत राहिली. डोळा सुरेख बसला, बुबुळ तर असं की जन्माचं वाटावं. पण तिची आई लांबून बघत चाचरत म्हणाली, “पांढरं जरा पिवळट वाटतं का हो?” आणि धाकटी, जिने जन्मात कुणाच्या आईला उलटून उत्तर दिलं नव्हतं, ती फटकन म्हणाली, “ट्यूबलाइटमुळे वाटतं तसं.” लहान मुलांच्या डोळ्यांच्या पांढऱ्यात एक निळसर छटा असते, दुधाच्या तळाशी असावी तशी, ती वयानुसार जाते. हे तिने किती जणांना शिकवलं असेल! आणि त्या पोरीच्या एका डोळ्यात मुलीचं पांढरं आणि दुसऱ्यात म्हातारीचं. मायलेकी गेल्यावर ती बराच वेळ ट्यूबलाइटकडे बघत बसली होती.

“डॉक्टरांना दाखवलंस?” बाईंनी विचारलं. त्याही कशाबशा तिच्या शेजारी उंबऱ्यावर टेकल्या. गल्लीतून एक बाई सायकल ढकलत गेली, तिने दोघींकडे पाहून मान डोलावली.

“दाखवलं.”

“मग?”

धाकटीने पट्टीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग ती जे बोलली ते तिने आजवर कुणापाशी उच्चारलं नव्हतं, नवऱ्यापाशीही नाही, आणि बोलताना स्वतःचाच आवाज तिला कुणा लहान मुलीचा वाटला.

“मला भीती वाटते, बाई.”

“कशाची?”

“हजारात एखाद्याचं बिघडतं म्हणतात. बाकी सगळ्यांचं नीट होतं म्हणतात. पण तो एखादा माझ्याकडे येतो ना! रोज येतो. बाकासमोर बसतो आणि सांगतो, साधं ऑपरेशन होतं हो, सगळ्यांचं होतं तसंच. मी त्याच्या खोबणीत मेण घालून माप घेते. त्याला विचारते, तुमची माणसं तुम्हाला दिवसा भेटतात की संध्याकाळी, आणि त्या उजेडाला शोभेल एवढी डोळ्याची बाहुली रंगवते. तुम्हीच शिकवलं ते. इतकी वर्षं मी दुसरं काही पाहिलेलंच नाही. डॉक्टर म्हणतात चहा निवायच्या आत. मी डॉक्टरांचं ऐकू की माझ्या बाकाचं? आणि माझे डोळे गेले तर मी काय करू? मला दुसरं काय येतं?”

आता बाई जवळ घेतील, पाठीवरून हात फिरवतील, असं तिला वाटलं. बाईंनी तसं काही केलं नाही. त्या चक्क हसायला लागल्या. खांदे गदागदा हलवत, डोळे पुसत. धाकटीला भयंकर राग आला. एवढ्या लांबून जीव मुठीत धरून यायचं, काळजाची घडी उलगडून दाखवायची, आणि हिने दात काढायचे!

“अगं, मीही हेच केलं,” बाई म्हणाल्या. “हेच! शब्दसुद्धा हेच. सहा वर्षं टाळलं. माझ्या गुरूने तर टाळता टाळता मरण गाठलं. हा आपल्या धंद्याचा रोग आहे, धाकटे. न्हाव्याला सगळी डोकी वाढलेलीच दिसतात. ऊठ, कोट घाल.”

“कोट घातलेलाच आहे.”

“मग नुसती ऊठ.”

पुलापलीकडे एक कॉफीचं दुकान होतं. धाकटी शिकायला होती तेव्हा तिथे जायची तिची टाप नव्हती, बाहेरून वास घेऊन पुढे जायची. सकाळची कामाला जाणारी गर्दी ओसरली होती आणि खिडकीजवळची टेबलं म्हाताऱ्यांनी बळकावली होती, जशी ती सगळीकडे बळकावतात. कोणी पेपर वाचत होतं, कोणी दुसऱ्याचा पेपर खांद्यावरून वाचत होतं, दोघं पत्ते खेळत होते आणि तिसरा न विचारता सल्ले देत होता. बाई आत शिरल्या आणि भर दुकानात, कॉफी सांगायच्या आधी, त्यांनी आवाज चढवला. “मोतीबिंदू कोणाकोणाचे झालेत हो?” धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण म्हाताऱ्यांना तेवढंच हवं होतं. पत्ते खाली आले. निवृत्त पोस्टमन, ज्याच्या हातात पेपर होता, त्याने आधी एका डोळ्याकडे मग दुसऱ्याकडे बोट दाखवलं. सल्ले देणारा म्हणाला, “माझे दोन्ही, आणि बायकोचे दोन्ही, म्हणजे घरात चार.” गल्ल्यावरची मालकीण तिकडूनच ओरडली, “उजवा झाला, डावा पुढच्या महिन्यात!” पूर्वी औषधांचं दुकान चालवणाऱ्या एका बाईने हातातली मऊ टोपी सारखी करत सांगितलं, “मी कित्येक वर्षं काळा म्हणून जो कोट घालत होते ना, तो निळा निघाला. तीन मयतींना घालून गेले मी तो. कोणी बोललं नाही मेलं!”

“तुझं ते भिंतीचं सांग,” बाईंनी पोस्टमनला टोकलं.

“भिंतीचं काय सांगायचं? रंगाऱ्याने घर पिवळं केलं म्हणून मी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. पांढरं सांगितलं आणि पिवळं लावलं म्हणून. ऑपरेशन करून घरी आलो तर भिंती पांढऱ्याशुभ्र! त्याच्या घरी जाऊन माफी मागून आलो. तो म्हणाला, जाऊ द्या हो, तुम्ही पाचवे.”

सगळे हसले. धाकटीही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले, कारण एकदम तिच्या ध्यानात आलं की ती या सगळ्यांच्या डोळ्यांत बघते आहे. सवयीने, धंद्याच्या नजरेने, एकेका बुबुळाकडे. आणि ते सगळे डोळे जिवंत होते. इकडे वळत होते, तिकडे वळत होते, हसताना बारीक होत होते, पत्त्यांत लबाडी करत होते. एवढ्या वर्षांत यांतलं एकही माणूस तिच्याकडे आलं नव्हतं. येईल कशाला? ज्यांचं नीट झालं ते घरी गेले, भिंती बघत बसले, रंगाऱ्याची माफी मागायला गेले. तिच्या बाकाशी त्यांचं कामच नव्हतं. जगात अशी किती माणसं असतील! तिच्या घरच्या गल्लीतही असतील. तिच्या डॉक्टरांच्या पलीकडच्या खोलीतून रोज डोळ्यावर पट्टी लावून बाहेर पडत असतील, आणि ती इकडच्या खोलीत मेण पातळ करत बसलेली. मधल्या भिंतीला दार होतं. ते उघडून पाहावं असं तिला कधी वाटलं नव्हतं. बाई काही समजावत नव्हत्या. त्या आपल्या कॉफीत साखर ढवळत होत्या, आणि टोपीवाल्या बाईला कोट आता मयतीला कुठला घालतेस म्हणून विचारत होत्या.

परत येताना बाईंनी तिचा दंड धरला, आधार द्यायला की घ्यायला ते सांगणं कठीण होतं. पुलावर दोघी थांबल्या. खाली नदी होती, धाकटीला ती चहाच्या रंगाची दिसत होती, आणि पूर्वी या पाण्याच्या निळ्यासाठी आपण जेवणाच्या सुट्टीत इथे यायचो, ब्रेडचा तुकडा चघळत उभ्या राहायचो, हे आठवून तिला भडभडून आलं. तरुण होती ती तेव्हा. अंगावर दुसऱ्याचा जुना स्वेटर, खिशात फुटकी कवडी नाही, आणि छातीत अशी काही मोकळी हवा की पुलावरून पळत सुटावं. घरची पत्रं यायची त्यांत सगळ्यांची दुखणी असायची. ती वाचून ती इथे यायची आणि पाण्याकडे बघायची, आणि हळूहळू पुन्हा धाकटी व्हायची. विमान उतरताना तिला वाटलं होतं, आता ते काही उरलं नसेल. आपण म्हाताऱ्या झालो, बाई संपत आल्या, गाव बदललं. नदीसुद्धा मळकी झाली. आता नदी मळकी झालेली नाही, हे तिला कळलं होतं. कळूनही डोळ्यांना काही फरक पडत नव्हता, पाणी चहाचंच होतं. पण त्यावरून पूर्वीचाच वारा येत होता, ओला आणि थोडा गंजाच्या वासाचा, आणि तो तिला पुरेपूर कळत होता.

“माझं झालं ना,” बाई म्हणाल्या, “तेव्हा डोळ्यावरची पट्टी काढली आणि मी पहिल्यांदा बाकाशी आले. त्याआधी केलेले डोळे आठवले, सगळेच पिवळट. मग सगळ्यांना बोलावलं, पुन्हा करून दिले. दोघांनी नको म्हटलं. त्यांना आधीचेच आवडले होते.” त्या जरा थांबल्या. “तुझ्याकडे आहे का कोणी बोलवण्यासारखं?”

“एक मुलगी आहे,” धाकटी म्हणाली. “छोटी.”

“मग बोलाव.”

“बोलावते. आधी माझे करून घेते, मग तिला बोलावते.” असं ती म्हणून गेली, आणि म्हणून गेल्यावर आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. भीती होती, पण ती नेहमीची नव्हती. परीक्षेच्या आधी वाटायची ती, ह्याच गावात, ह्याच पुलावर.

कार्यशाळेच्या दाराशी बाईंनी तिचा दंड सोडला. “मी तुला नुसतं भेटायला बोलावलं नाही,” त्या किल्ली शोधत म्हणाल्या. “बाक पुढे माझी भाची चालवील. तिचा हात चांगला आहे, पोरंही येत राहतील, दार रंगवत राहतील. पण जुळलं की नाही हे सांगायला एक डोळा लागतो. आजवर माझा होता. म्हटलं, ज्या पोरीचा निळा आहे तिलाच सांगावं, दरवर्षी येऊन बघून जा. आणि तू आलीस ती दारावरून पुढे निघून गेलीस!” आता त्यांना पुन्हा हसू फुटलं. “मी खिडकीतून पाहिलं तुला जाताना. हाक मारणार होते. मग म्हटलं, बघू तरी कुठवर जाते.”

“तुम्ही ना, बाई!”

“सूप गरम करते. ये आत,” म्हणून बाई गेल्या.

धाकटी बाहेरच राहिली. पर्समधून फोन काढून तिने बाळ्याला लावला. तिकडे आता संध्याकाळ असणार. बाळ्याने पहिल्याच रिंगला उचलला. त्याचे अर्धे केस पिकले होते, पोरगी लग्नाची झाली होती, पण फोनवर तो अजून तसाच बोलायचा, आधी स्वतःचं. “ताई, बरं झालं केलास. अगं माझी ती पाठ परत धरलीये, शेक घेऊ की बर्फ लावू? आणि हिचं म्हणणं...”

“बाळ्या, थांब जरा. आज मला बोलू दे.”

तो थांबला. तिने सांगितलं. मोतीबिंदूचं, डॉक्टरांचं, तिकीट काढून पळून आल्याचं, दाराचं. सगळं एका दमात, गल्लीतल्या मांजराकडे बघत. शेवटी म्हणाली, “आल्या आल्या करून घेणार आहे. पण मला फार भीती वाटते रे. त्या टेबलावर जागं राहावं लागतं. तू येशील का माझ्याबरोबर?”

पलीकडे काहीच आवाज आला नाही. फोन कट झाला की काय, म्हणून तिने तो कानाजवळून काढून पाहिला. चालू होता. बाळ्याला बहिणीला भीती वाटू शकते ही गोष्टच नवीन होती, ती त्याच्या घशाखाली उतरायला वेळ लागत होता. मग तो खाकरला.

“येणार म्हणजे? येणारच. आत घेतील का मला? नाही घेतलं तर दाराबाहेर बसेन, तिथून ओरडेन.” त्याचा आवाज एकदम मोठ्या माणसासारखा झाला होता, आणि त्यामुळे त्याला स्वतःलाच अवघडल्यासारखं झालेलं कळत होतं. “ताई, रडतेस का? अगं रडू नकोस ना. काही होत नाही. ऐक, माझ्याकडे लक्ष दे. आत्ता तुझ्यासमोर काय आहे?”

“काय म्हणजे?”

“समोर काय दिसतंय ते सांग ना.”

ती हसली आणि तिने नाक पुसलं. “दार आहे,” ती म्हणाली.

“हां. कुठल्या रंगाचं?”

धाकटीने दाराकडे पाहिलं. विसळलेल्या पाण्याचं, ना राखाडी, ना हिरवट. आतून सुपाचा वास येत होता आणि बाई तिला हाक मारत होत्या.

“निळं,” ती म्हणाली.